निजलं तर सरकारचं

पथारीवर मिरची सुकायला पडली
की नंदुरबारात आमच्या केंद्रावर येणारा माणूस
आधी शिंकतो, मग नाव सांगतो.
झेलाबाई शिंकली नाही.
चाळीस वर्षं देठ खुडले तिनं,
नाकानं केव्हाच हार मानली असणार.

एका हातात भावाचा हात,
दुसऱ्यात दुधाची धुतलेली पिशवी:
दोघांची आधार कार्डं, एक जुनं लाईट बिल,
आणि का कोण जाणे, नातवाच्या लसीकरणाचा कागद.
"सत्तरीनं कार्ड काढानं शे," ती म्हणाली.

धुडकूबाबांचा अंगठा यंत्रावर ठेवला.
उमटला नाही.
पुसून ठेवला. तर्जनी ठेवली. डावा हात घेतला.
गोण्या वाहून वाहून बोटं
तापीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत.
मग चेहरा. मोबाईल समोर धरून म्हटलं,
बाबा, डोळे मिटा, उघडा.
बाबांनी मिटले ते मिटलेच.
"उघाड रे," बहीण ओरडली, "आते निजू नको!"
हिरवी खूण आली.

पाच लाख, मी म्हटलं, वर्षाला.
बाबा दाराकडे बघू लागले,
कोणी ऐकलं तर नाही ना.

पैसे हातात येत नाहीत, हे सांगण्यातच
माझा निम्मा दिवस जातो.
यादीतलाच दवाखाना लागतो, भरती व्हावं लागतं,
खोकल्याची बाटली, रोजच्या बीपीच्या गोळ्या,
गुडघ्याचं तेल यात बसत नाही.
मी "संलग्न" म्हणतो, "पॅकेज" म्हणतो,
आणि माझाच आवाज मला
बसस्टँडवरच्या भोंग्यासारखा ऐकू येतो.

झेलाबाईनं सगळं ऐकून घेतलं.
"म्हंजे, निजनं तं सरकारनं,
हुभं राहिनं तं आपलं."

परिपत्रक आठ पानांचं होतं.

मग तिनं स्वतःचं आधार पुढे सरकवलं.
एक जानेवारी.
बाबांचीही एक जानेवारी.
आमच्याकडचे निम्मे म्हातारे एकाच दिवशी जन्मलेत,
सुइणींची काय धावपळ झाली असेल!
वर्ष तेवढं वेगळं.
तो त्र्याहत्तर, ती अडुसष्ट.
"मावशी, तुम्हाला दोन वर्षं थांबावं लागेल."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग भावाकडे.
"हाऊ मन्हा कडवर मोठा व्हयना."
माय गेली तेव्हा तो रांगत होता
आणि ती भाकरी थापत होती.

शिबिरातल्या पोरानं वय विचारलं होतं तिला.
तूच लिही बेटा, तुला दिसतंय ना, ती म्हणाली होती.
डोक्यावर पदर होता.
केस दिसले नसतील त्याला.

दुरुस्ती होते, मी म्हटलं,
जन्माचा दाखला, नाहीतर शाळेचा.
शाळेचा म्हटल्यावर ती हसली,
आल्यापासून पहिल्यांदा.

रेशन कार्ड आणा, राज्याची योजना आहे,
तिच्यात वय बघत नाहीत.
तुमचं नाव आहे ना त्यावर?
नवऱ्याच्या कार्डावर होतं, म्हणाली.
तो गेला तेव्हा त्याचं खोडलं.
एकट्याचंच खोडलं की दोघांचं,
ते बघावं लागेल.

लॅमिनेशनचे वीस रुपये.
तिनं पंधरावर आणले.
कार्ड अजून गरम होतं, बाबांनी हात पुढे केला,
तिनं ते पिशवीत टाकलं.
"हरवी टाकस हाऊ."

पायरी उतरताना दंड तिनंच धरला त्याचा,
कागदावरच्या धाकटीनं.
मग वळून मला विचारलं,
"तवलग मी निजू नही ना?"

नका, मी म्हटलं.
दुसरं काय म्हणणार होतो?
रेशन कार्ड घेऊन या, सोमवारी या, सर्व्हर चालू असतो.

पुढचा माणूस आत आला,
दोनदा शिंकला,
आणि नाव सांगू लागला.